ज्याचे उत्तर त्याला

पंपहाउसात त्याला सगळे सळई म्हणत. अंगाने तो चांगला आडवा होता, पण हातात कायम एक सळई असे. हातभर लांब, एका टोकाला लाकडी गोळी बसवलेली. टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचे, गोळी कानाशी दाबायची आणि श्वास रोखून ऐकायचे. धडधाकट बेअरिंग एका सुरात गुणगुणते. बिघडू लागले की आधी खरखरते, मग कुरकुरते, आणि तरीही कोणी लक्ष दिले नाही तर एक दिवस शाफ्टला घेऊन बसते. अर्ध्या शहराचे पाणी त्या पंपांवर चाले. सळईने वेळेत ऐकले तर नळ सोडताना कोणाला पंपहाउसाची आठवणही येत नसे. त्याला तेवढी शाबासकी पुरत होती.

तो चहा घेत नसे. सुटीच्या वेळात सोबतचे फिटर त्याला डिवचत.

"चहा नाही, तंबाखू नाही, दारू तर नाहीच. मग सळई, तू चालतोस तरी कशावर?"

"पाण्यावर," तो म्हणे. "पंपहाउसात जन्म काढायचा आणि तेही फुकट प्यायचं नाही?"

तो मॉर्मन होता; ख्रिस्ती धर्मातला हा पंथ चहा, तंबाखू, दारू वर्ज्य मानतो. तरुणपणी त्या पंथाची, पांढऱ्या शर्टातली दोन प्रचारक पोरे सायकलवरून पंपहाउसाच्या फाटकाशी आली होती. घामाने निथळत होती. त्याने त्यांना पाणी दिले, त्यांनी त्याला आपला ग्रंथ दिला. घेताना तो म्हणाला होता, "माझा विश्वास बसणार नाही." त्यावर त्यांतला उंच पोरगा म्हणाला, "आमच्या सांगण्यावर बसवूच नका. वाचा, आणि खरं आहे का ते देवालाच विचारा."

हे त्याला पटले. मशीन विकणारा स्वतः म्हणतो की खोलून बघा, तेव्हा निदान बघायला हरकत नसते. त्याने सावकाश वाचले. ग्रीसच्या डब्यांच्या खोलीत, पालथ्या बादलीवर बसून, जेवणाच्या सुटीत. कळले नाही तिथे मागे जाऊन पुन्हा वाचले. आणि एके दुपारी विचारले.

आवाज वगैरे काही आला नाही. फक्त शांत झाले. वीज जाते तेव्हा पंपहाउसातले सगळे पंप एकदम थांबतात आणि मग कळते, आपण केवढ्या गोंगाटात उभे होतो. तसे. त्या दिवशी वीज गेलेली नव्हती. पंप चालूच होते. शांत झाले ते आत.

त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याची थोरली बहीण काठावर छत्री टेकून उभी होती. ताईने त्याला वाढवले होते. आई लवकर गेली, बाप कामापायी गावोगाव, म्हणून या पोराच्या नाकापासून नोकरीपर्यंत सगळे तिने पुसले आणि पाहिले. पाण्यातून वर आलेल्या भावाला ती म्हणाली, "बुडवलंच आहे त्यांनी, तर कानामागचं घासून तरी घ्यायचंस."

पुढे तीस वर्षे ती त्याच्या धर्माबद्दल असेच बोलली. कपडे दुरुस्तीचे दुकान तिने घराच्या पुढल्या खोलीत थाटले होते; चेन बसवणे, कॉलर उलटवणे, पँट आखूड करणे. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. रविवारी चर्चच्या सभेहून परतताना तो दारात थांबला की मशीनवरून मान न उचलता ती म्हणे, "तुझ्या देवाला नमस्कार सांग. म्हणावं, येणार होते, पण ऑर्डरी आहेत."

पहाटे कामावर जाण्याआधी तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसे. एक पान वाचायचे. मनातला एक प्रश्न घ्यायचा आणि आधी स्वतः चघळायचा. मग स्टुलापाशी गुडघे टेकून देवापुढे ठेवायचा. त्यांच्या मंडळीची शिकवणच तशी आहे: डोके न चालवता नुसते मागत बसणाऱ्याला उत्तर मिळत नाही. आधी आपल्या बुद्धीने निर्णयापर्यंत या, मग विचारा, हे बरोबर का? बरोबर असेल तर आत स्वस्थता येते. चूक असेल तर मन धुकटते, धरलेला विचार हातातून सुटतो. त्यात त्याने स्वतःचा एक नियम घातला होता. जेवढे बोललो तेवढा वेळ गुडघ्यांवरच राहून ऐकायचे. लेकीलाही त्याने लहानपणी हेच शिकवले. "आपलंच बोलून फोन ठेवून देणाऱ्याला शहाणा म्हणत नाहीत," तो तिला सांगे.

ही लेक आता सव्वीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. बापासारखीच कमी बोलायची आणि आत्यासारखी टोचून.

ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा कोणाला पत्ताच नव्हता. पाय सुजले तर ती म्हणे, दिवसभर पायमशीन मारते, सुजणारच. मग एक दिवस ती दुकानातच कोसळली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. हाताच्या नसा थकत चालल्या. डॉक्टर म्हणाले, जवळच्या नात्यातल्या कोणाची किडनी मिळाली तर बघा, असे फार दिवस रेटता येणार नाही. ताईने हे घरी कोणालाच सांगितले नाही. सांगितले ते नर्सने, लेकीला.

एका संध्याकाळी जेवताना लेक म्हणाली, "मी आत्याला किडनी देणार आहे. तपासण्या झाल्या. जुळते."

त्याचा घास हातातच राहिला. बायकोने पाण्याचा तांब्या उगाच सरळ केला.

"मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारत नाहीये बाबा. सांगतेय."

"देवाला विचारलंस?"

"दोन महिने विचारतेय. डॉक्टरांनाही विचारलं, किडनी दिलेल्या दोन बायकांना भेटून आले. उपास केला. तुम्हीच शिकवलंत ना, आधी डोकं, मग गुडघे."

दुसऱ्या पहाटे तो टेबलापाशी बसला, पण पान उघडले नाही. थेट गुडघ्यांवर गेला. म्हणाला, "देवा, तिने हे करू नये, हो ना?" तेवढ्यानेच छाती आवळली. पोटात गोळा आला, हाताला घाम सुटला. तो उठला. त्याला वाटले, उत्तर आले.

रात्री जेवायला बसल्यावर त्याने ते मांडले. "मी विचारलं. नको असं उत्तर आहे. मला स्पष्ट जाणवलं."

लेक म्हणाली, "माझं उत्तर तुम्हाला कसं आलं?"

"मी बाप आहे तुझा."

"तुम्ही बाप म्हणून नको म्हणाला असतात तर मी भांडले असते. रडले असते आणि तरी गेले असते." तिने ताट पुढे सरकवले. "पण तुम्ही देवाच्या नावाने नको म्हणालात. आता गेले तर मी कोणाविरुद्ध गेले? कुठे आणून उभं केलंत मला, बघा."

दोन दिवसांनी हॉस्पिटलात तिची संमतीची सही होती. ती तिने पुढे ढकलली. तिकडे आत्या डायलिसिसच्या खुर्चीत बसून राहिली.

रात्री बायको एवढेच म्हणाली, "तिने माझ्याकडे बघून ताट सरकवलं. तुमच्याकडे बघितलं नाही. बघा हं, तिला एकदा तुमचा आवाज देवाचा वाटेनासा झाला, की देवाचाही वाटेनासा होईल." हे बोलून तिने कूस बदलली. तिचे बोलणे नेहमी असेच असे, दिवा मालवताना.

म्हणून तो बिशपकडे गेला. त्यांच्या मंडळीत पगारी धर्मगुरू नसतो. आपल्यातलाच एक जण काही वर्षे ते काम पाहतो आणि पोटासाठी आपला धंदा करतो. हा बिशप खिडक्यांना काचा बसवायचा. सळई गेला तेव्हा बिशप दुकानात ओणवा होऊन काच कापत होता. हिऱ्याच्या कटरने रेघ ओढली, टेबलाच्या कडेला ठेवून हलकेच दाबली. तुकडा रेघेवरच सुटला.

सगळे ऐकून बिशप म्हणाला, "तुला काय हवंय माझ्याकडून?"

"तूही विचार. तुलाही तेच आलं तर पोरगी ऐकेल."

"मी नाही विचारणार."

"का?"

"ते माझं नाही म्हणून. मंडळीच्या कामाचं मला कळेल, तुझं तुला. ती एवढीशी होती तेव्हा तिचंही तुला कळायचं. सव्वीस वर्षांच्या बाईच्या पोटात काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे बापाकडे येत नाही रे. बिशपकडे तर नाहीच नाही."

"मग मला जे आलं ते काय होतं? खोटं बोलतोय का मी?"

"खोटं नाही म्हणत." बिशपने बोटाने काचेची कड चाचपली. "काहीतरी आलं असेलच. कुठून आलं ते बघितलंस का?"

तो रागाने परतला. तीस वर्षे एकाच बाकावर बसलेल्या माणसाने एवढी साथ देऊ नये, हे त्याला लागले.

दुसऱ्या दिवशी तीन नंबरचा पंप खरखरू लागला. त्या पंपाला चार बेअरिंग. दोन मोटरची, दोन पंपाची. सळईने टोक मोटरच्या पुढल्या बेअरिंगवर टेकवले. मागच्या वर्षी तेच गेले होते. खरखर ऐकू आली. "हेच," तो म्हणाला. पंप बंद केला, कपलिंग सोडले, मोटर सरकवली, पुलर लावून बेअरिंग ओढून काढले. अर्धा दिवस गेला. डिझेलमध्ये धुऊन उजेडात फिरवून पाहिले. गोळ्या आरशासारख्या. डाग नाही, खड्डा नाही.

फोरमन येऊन मागे उभा राहिला. "सळई, आज कान घरी विसरलास काय?"

बेअरिंग ओंजळीत धरून तो बसून राहिला. बिघाड पंपाच्या मागल्या टोकाला होता. खरखर शाफ्टमधून चालत पुढे आली होती. शाफ्ट आवाज वाहून नेतो, हे शिकाऊ पोरालाही पहिल्या महिन्यात शिकवतात. म्हणूनच सळई चारही जागी टेकवायची, आणि आवाज जिथे सर्वांत जाड तिथेच पाना लावायचा. त्याने एकाच जागी टेकवली. कारण त्याचे आधीच ठरले होते.

"काम वाढवलंस," फोरमन म्हणाला.

"वाढवलं," तो म्हणाला, आणि आपल्या हाताने पुन्हा सगळे जुळवायला लागला. कोणाला मदतीला घेतले नाही.

महिन्याचा पहिला रविवार आला. त्या दिवशी त्यांची मंडळी दोन वेळचे जेवण सोडते. एरवी दुपारनंतर त्याचे लक्ष घड्याळाकडे जाई. या वेळी गेले नाही. सभेत विधीचा पावाचा तुकडा आणि घोटभर पाणी घेऊन तो घरी आला, आणि टेबलापाशी ग्रंथ उघडून बसला. चार ओळी वाचल्या की थांबायचे. या वेळी त्याने घाई केली नाही. एकेक प्रश्न घेतला आणि सावकाश टेकवून पाहिला.

लेकीने द्यावी का? विचारले, आणि तिथे काहीच नव्हते. ना हो, ना नाही. बंद दार. ते घर दुसऱ्याचे होते.

लेकीचे काही बरेवाईट होईल का? छाती आवळली. पण थोडी. प्रत्येक बापाची आवळते तेवढी.

ताई जाईल का? आवळली. डोळे भरले. तरी सर्वांत जाड आवाज तो नव्हता.

मग एकच जागा उरली. एवढ्या दिवसांत त्याने तिथे टोक नेलेच नव्हते. मी देऊ का?

हाताला घाम सुटला. पोटात तोच गोळा, त्या पहाटेचा, तस्साच. तो स्टुलाला धरून राहिला. वय झाले, आपल्याला कोण विचारतो, असे त्याने मनाशी कधीच सोडवून टाकले होते. खरे असे होते की त्याला कापून घ्यायची भीती वाटत होती. ताईने ज्याला वाढवले त्या भावाच्या आधी त्याची पोरगी उभी राहिली होती, आणि ती उभी असेपर्यंत आपण बसून आहोत हे सगळ्यांना दिसणार होते. त्या पहाटे छाती आवळली ती यामुळे. त्याला त्याने देवाचा शब्द म्हटले होते.

तो बोलला ते फार थोडे. ऐकत मात्र बराच वेळ राहिला. गुडघे बधिर झाले. पुष्कळ वर्षांपूर्वी ग्रीसच्या खोलीत झाले होते तसे मग हळूहळू आत शांत झाले. भीती गेली नाही. ती तिथेच होती, पण तिचा गोंगाट थांबला होता, आणि त्या शांततेत एवढेच कळले की ताईकडे जायचे.

आधी तो लेकीच्या खोलीत गेला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी सांगितलं ते देवाचं नव्हतं," तो म्हणाला. "माझं होतं. मला भीती वाटत होती, आणि ती तुझ्यासाठीही नव्हती. तुझं उत्तर तुझ्यापाशी आहे. मी त्यात पडायला नको होतं."

तिने घडी मोडली, पुन्हा घातली. "मग मी काय करू?"

"ते मी सांगणार नाही."

ती किंचित हसली. खूप दिवसांनी तिने त्याच्याकडे पाहिले.

ताई दुकानात एका पँटची शिवण उसवत होती. हाताला डायलिसिसची पट्टी. तो समोरच्या स्टुलावर बसला.

"ताई, माझी किडनी घे."

तिने चष्म्यावरून पाहिले. "काय म्हणाला तुझा देव? जुना माल खपव?"

"देव म्हणाला ताईकडे जा. बाकीचं मीच म्हणतोय."

"साठीला टेकलास. जुन्या गाडीचा पार्ट मला नको."

"तपासू तर दे."

ती उसवत राहिली. मग दोरा ओढता ओढता थांबली. "लहानपणी तुला इंजेक्शन द्यायचं तर मी आणि कंपाउंडर, दोघं बसायचो तुझ्यावर," ती म्हणाली. "आणि तू कापून घ्यायला निघालास." तिने पँट तोंडाशी धरली आणि दाताने दोरा तोडला, तोडायची गरज नसताना.

त्याने तपासण्या करून घेतल्या. डॉक्टरांनी कागद पाहून मान हलवली. रक्तात साखर वाढलेली होती. त्याचे त्यालाच माहीत नव्हते. अशा माणसाची किडनी घेता येत नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्याला सुटल्यासारखे वाटले नाही, याचे त्यालाच आश्चर्य वाटले. लेकीने पुढच्या आठवड्यात सही केली.

आधीच सांगून टाकलेले बरे: दोघी वाचल्या, दोघी घरी आल्या. ताई पुन्हा मशीनवर बसली आणि पुन्हा टोचून बोलू लागली. पण त्या सकाळी हे कोणालाच माहीत नव्हते, आणि सांगायचे आहे ते त्या सकाळचे.

ऑपरेशनच्या आधी लेकीने आशीर्वाद मागितला. त्यांच्यात डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. शब्द आधी ठरवून यायचे नसतात. त्या क्षणी आत जे येईल तेवढेच बोलायचे. बिशप कामाच्या कपड्यांतच आला होता, बाहीला काचेची पूड. दोघे कॉटच्या दोन बाजूंना उभे राहिले. शेजारच्या कॉटवर ताई, पडदा अर्धा सरकवून पाहत होती. बायको पायथ्याशी.

त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवले. तिचे केस ओलसर होते. सुरुवातीचे शब्द म्हटले आणि थांबला.

तू सुखरूप परत येशील, हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होते. बायकोच्या डोळ्यांत तेच होते. म्हणून टाकले असते तर त्या खोलीतल्या प्रत्येकाला बरे वाटले असते. त्याने ते वाक्य तपासले. ते छातीतून येत होते, ओळखीच्या जागेवरून. त्याने ते गिळले आणि थांबून राहिला. बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली. बिशपचे हात स्थिर होते. आणखी थोडा वेळ गेला. मग आत शांत झाले.

"तुझा बाप तुला ओळखतो," तो म्हणाला, आणि तो स्वतःबद्दल नव्हे, देवाबद्दल बोलतो आहे हे सगळ्यांना कळले. "तू एकटी आत जाणार नाहीस." मग येशू ख्रिस्ताचे नाव घेऊन आमेन म्हटले.

लेकीने डोळे उघडले. "एवढंच?"

"एवढंच आलं."

"मग खरं आहे," ती म्हणाली, आणि उशीवर मान टेकली.

पडद्यापलीकडून ताईने घसा खाकरला. "माझ्याही डोक्यावर ठेव हात," ती म्हणाली. "बोलू मात्र नकोस काही."

तो तिच्या कॉटशी गेला. डोके किती लहान झाले होते तिचे. त्याने दोन्ही हात ठेवले आणि तिने सांगितले तसा गप्प उभा राहिला, कॉट न्यायला माणसे येईपर्यंत.